गच्चीच्या कठड्याला पिक्सेल लाइट: नागपूरच्या उन्हापावसात टिकणारी बारा व्होल्टची रोषणाई

आमच्या घराच्या कठड्याला १५० पिक्सेल, म्हणजे हुकमावर रंग बदलणारे एलईडीचे ठिपके, आहेत, आणि हे तिसरं फिटिंग आहे. पहिलं पावसाळ्यात गेलं, दुसरं मे महिन्यात. गंमत म्हणजे दोन्ही वेळा एलईडी धडधाकट होते. पहिल्या वेळी जोडातलं तांबं हिरवं पडून भुसभुशीत झालं होतं. दुसऱ्या वेळी पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद डब्यात एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे बारा करणारा वीजपुरवठा, अक्षरशः शिजला होता. मोबाइलवरून रंग बदलणं, लाटा सोडणं, तिरंगा फिरवणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग, एका संध्याकाळचा. बाकी सगळी मेहनत तार, जोड आणि डबा यांची आहे. पैसे कुठे घालायचे असा प्रश्न पडला तर त्याच तिघांवर घाला, पिक्सेल थोडे कमी घ्या.

खाली जे लिहितो आहे ते एका मजल्याच्या घरासाठी आहे: समोरचा १५ मीटर कठडा, वर गच्चीवर बसायची जागा. बाल्कनी, कंपाउंडची भिंत, बागेतला मांडव, घरच्या गणपतीची आरास, सगळ्याला हाच हिशेब लागतो, आकडे तेवढे बदला.

आधी अंधारात उभे राहा

खरेदीच्या आधी एक संध्याकाळ रस्त्याच्या पलीकडे जाऊन घराकडे बघा. प्रकाश डोळ्यात यायला हवा की भिंतीवर पडायला हवा, हे इथेच ठरतं. लग्नघरासारखी चमक हवी असेल तर पिक्सेल बाहेरच्या दिशेने. घर वर्षभर सुंदर दिसावं असं वाटत असेल तर पिक्सेल छज्ज्याखाली, तोंड खाली करून, भिंतीपासून दहा-बारा सेंटीमीटरवर लावा. मग ठिपका दिसत नाही, भिंतीवर प्रकाशाचे कमानीसारखे पट्टे उतरतात. मी पहिल्या वेळी बाहेर तोंड करून लावले होते. समोरच्या काकू चार दिवस काही बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी म्हणाल्या, “बाळा, लाइट छान आहे, पण आमच्या देवघरात सारखी वीज चमकून राहिली.” तेव्हापासून तोंड खाली.

मग टेप घेऊन मोजा आणि कागदावर काढा: लांबी, कोपरे, पहिला पिक्सेल कुठे, वीज कुठून येणार. हा कागद जपून ठेवा, दोन वर्षांनी तोच उपयोगी पडतो.

कोणता पिक्सेल घ्यायचा

बाजारात ‘पिक्सेल लाइट’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू मिळतात. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर नावाच्या गल्ल्यांत विचारलं तर दुकानदार आधी “पाच व्होल्ट की बारा?” एवढंच विचारतो. उत्तर माहीत असल्याशिवाय आत जाऊ नका.

डब्ल्यूएस२८१२बी ही पाच व्होल्टची पट्टी. प्रत्येक एलईडीच्या पोटात स्वतःची चिप, म्हणून प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा ठेवता येतो. टीव्हीच्या मागे, गणपतीच्या मखरात, कपाटाच्या आत ही उत्तम. पण पूर्ण पांढऱ्या रंगात एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. मीटरला ६० एलईडीची पाच मीटर पट्टी म्हणजे ३०० एलईडी, म्हणजे कागदावर १८ अँपिअर. एवढा करंट त्या कागदाएवढ्या पातळ तांब्यातून शेवटपर्यंत पोचत नाही. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, निळ्या-हिरव्याला तीनच्या वर लागतात. म्हणून व्होल्टेज पडलं की निळा आधी मान टाकतो आणि पट्टीचं शेपूट पांढऱ्याऐवजी नारिंगी दिसू लागतं. लोक म्हणतात पट्टी खराब निघाली. पट्टी ठीक असते, वीज पोचलेली नसते.

डब्ल्यूएस२८११ ची बारा व्होल्टची पट्टी स्वस्त आणि दणकट, पण तिच्यात एका चिपवर तीन एलईडी चालतात, तिघांचा रंग एकच. लांबून बघायच्या कामाला चालतं.

डब्ल्यूएस२८१५ ही बारा व्होल्टची आणि तरीही प्रत्येक एलईडी स्वतंत्र. हिला डेटाच्या, म्हणजे रंगाचा निरोप नेणाऱ्या, दोन तारा असतात. मधला एखादा एलईडी मेला तर पुढचा दुसऱ्या तारेवरून निरोप उचलतो आणि माळ पुढे चालू राहते. गच्चीवरच्या मांडवाला मी हीच लावली आहे. सुरुवातीच्या टोकाला ती दुसरी तार, बीआय लिहिलेली, ग्राउंडला, म्हणजे बारा व्होल्टच्या उणे तारेला, जोडायची. ती लोंबकळत ठेवू नका.

आणि चौथा, कठड्यासाठी माझी निवड: बारा एमएमचा गोळीसारखा पिक्सेल, राळेत बंद केलेला, ५० च्या माळेत येणारा, आत डब्ल्यूएस२८११ चिप. बारा व्होल्टचा घ्या. एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: बारा व्होल्टची गोळी पाच व्होल्टच्या गोळीइतकाच करंट घेते आणि जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवते. म्हणजे वीज वाचत नाही, उलट जास्त जाते. मग घ्यायची कशाला? तर वाटेत दोन व्होल्ट हरवले तरी तिला फरक पडत नाही. पाच व्होल्टच्या माळेत दोन व्होल्ट हरवले तर खेळ खलास.

मंडळांचे रोषणाईवाले टी-१०००एस नावाचा कंट्रोलर वापरतात. कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं, मेमरी कार्डावर टाकायचं, कार्ड खुपसायचं. दहा दिवसांच्या मोठ्या कमानीला ते ठीक आहे. घराला मात्र रोज संध्याकाळी आपोआप लागणारी, मोबाइलवर बदलता येणारी व्यवस्था हवी, म्हणून आपण ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड आणि त्यावर डब्ल्यूएलईडी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरू.

हिशेब, आणि तो का टाळू नये

१५ मीटर कठडा, दर १० सेंटीमीटरला एक गोळी, म्हणजे १५०. तीन माळा. प्रत्येकी ६० मिलिअँपिअर धरले तर सगळ्या पांढऱ्या रंगात ९ अँपिअर. बारा व्होल्टने गुणलं की १०८ वॉट. एसएमपीएस त्याच्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर चालवायचा नाही, म्हणून १३५, आणि बाजारात मिळतो तो १५० वॉटचा, म्हणजे साडेबारा अँपिअरचा. नागपुरात ही ८० टक्क्यांची सवलत सोडूच नका. बहुतेक एसएमपीएस सभोवतालचं तापमान ५० अंशांच्या वर गेलं की पूर्ण ताकद देत नाहीत. मे महिन्यात बाहेर ४५ असताना बंद डब्यात ५० कधी ओलांडले जातात ते कळतही नाही. लेबलवर वाटेल ते छापलेला माल पुष्कळ आहे, तेव्हा बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा क्रमांक बघा आणि दोन डबे हातात घेऊन तोला. त्याच आकड्याचा फार हलका डबा आतून रिकामा असतो.

आता तार. आमच्याकडे एसएमपीएस जिन्याच्या खोलीत आहे, तिथून कठड्याचं टोक आठ मीटर. जाऊन-येऊन सोळा मीटर. दीड एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओहम. सोळा मीटरला ०.१९. त्यातून ९ अँपिअर गेले की पावणेदोन व्होल्ट तारेतच संपले. पाच व्होल्टची माळ असती तर पलीकडे सव्वातीनच व्होल्ट पोचले असते. म्हणून मी अडीच एमएमच्या तारांच्या दोन जोड्या टाकल्या, एक माळेच्या सुरुवातीला, दुसरी माळेच्या शेवटाला. प्रत्येकीवर साडेचार अँपिअर, तूट अर्ध्या व्होल्टच्या आसपास. दोन्हीकडून वीज आली की मधल्या पिक्सेलनाही पुरेशी मिळते.

एसएमपीएसवर व्होल्टेज वाढवायचा छोटा स्क्रू असतो. शेवटचे पिक्सेल मंद दिसले की तो फिरवायचा मोह होतो. फिरवू नका. त्याने शेवटचे सुधारतात आणि पहिले भाजतात.

प्रत्येक जोडीच्या लाल तारेवर, एसएमपीएसच्या जवळ, फ्यूज. मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात चपटे ब्लेड फ्यूज होल्डरसकट मिळतात, साडेसात अँपिअरचा घ्या. बारा व्होल्टने शॉक लागत नाही हे खरं, पण साडेबारा अँपिअर देणाऱ्या डब्यापुढे माळेची ती बारीक तार शॉर्ट झाली तर लालबुंद होते. आग लागायला २३० व्होल्ट लागत नाहीत.

अर्थिंग: कूलरची आठवण ठेवा

दुसऱ्या फिटिंगच्या वेळी इलेक्ट्रिशियन भाऊंना अर्थिंगची तार ओढायला सांगितली, तर म्हणाले, “काही नाही होत जी, बारा व्होल्टच तर आहे.” बारा व्होल्ट एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला, त्याच पत्र्याच्या डब्यात, २३० आहेत. नागपूरकराला हे वेगळं समजवायला नको. ओल्या फरशीवर उभं राहून लोखंडी कूलरच्या अंगाला हात लावला की काय होऊ शकतं ते दर उन्हाळ्यात पेपरात येतं. कारण बहुतेक वेळा एकच, अर्थिंग नसणं किंवा नावापुरतं असणं.

एसएमपीएसच्या आत एक फिल्टर असतो, त्याची गळती अर्थिंगवाटे जायला हवी. अर्थिंगच नसेल तर डब्याला, आणि काही वेळा बारा व्होल्टच्या तारेलाही, हात लावल्यावर झिणझिण्या येतात. अॅल्युमिनियमच्या पट्टीला लागलेले पिक्सेल, ओली गच्ची आणि अनवाणी मूल, एवढं चित्र डोळ्यासमोर आणा.

तेव्हा २३० च्या बाजूचं काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या आणि तुम्ही तिथे उभे राहा. स्वतंत्र ६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच), तीन तारांची केबल, तिसरी तार खरोखर अर्थच्या पट्टीला पोचलेली. काम झाल्यावर आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून बघा, पडलाच पाहिजे. घरात पाण्याचं छोटं कुंड किंवा कारंजं असेल आणि त्यात दिवे सोडायचे असतील तर पाण्यात जाणारं सगळं बारा व्होल्टचंच, तेही पाण्यात टिकेल असं लिहिलेलं, आणि एसएमपीएस कुंडापासून लांब, घरात. एवढं जमत नसेल तर दिवे पाण्याबाहेरून टाका.

डबा कुठे? सावलीत. शक्यतो घराच्या आत, जिन्याच्या खोलीत, पंख्याएवढी तरी हवा खेळते तिथे. बाहेरच लावावा लागला तर उत्तरेची भिंत, छज्ज्याखाली. सगळ्या तारा डब्याच्या तळातून, ग्लँड (तारेभोवती आवळून बसणारं बूच) लावून. वरून एकही भोक नाही. जाळीच्या एसएमपीएसला मोठा डबा द्या, त्याच्या चौफेर चार बोटं मोकळी राहतील एवढा. न वापरलेली भोकं बुजवा, कारण उबेला पाली येतात. पहिला डबा उघडला तेव्हा टर्मिनलवर एक आडवी सुकलेली पाल होती, दोन्ही टोकांना जोडून.

कंट्रोलर

ईएसपी३२ पिक्सेलजवळ असला पाहिजे, एसएमपीएसजवळ नाही. वीज आठ मीटर चालत जाते, डेटा तेवढ्या अंतरात थकतो. म्हणून एक लहान जलरोधक डबा पहिल्या पिक्सेलपासून हातभर अंतरावर, छज्ज्याखाली. त्यात बारा व्होल्ट येतात, बारातून पाच करणारा बक कन्व्हर्टर त्यावर बोर्ड चालवतो. कन्व्हर्टर बोर्डाला जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून स्क्रूने पाच व्होल्टवर आणा. नवे कन्व्हर्टर कितीवर सेट होऊन येतील याचा नेम नसतो. माझा एक बोर्ड याच घाईत धुरात गेला.

डेटाचं दुखणं असं: ईएसपी३२ च्या पायातून ३.३ व्होल्टचा इशारा निघतो, चिपला मात्र पाच व्होल्टच्या सत्तर टक्के, म्हणजे साडेतीन, हवे असतात. टेबलावर कसंबसं चालतं, गच्चीवर लुकलुकतं. मध्ये इशारा पाच व्होल्टवर चढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप घाला. नावातला ‘टी’ महत्त्वाचा. दुकानदार ७४एचसी१२५ पुढे करून “सेमच आहे” म्हणतो, ते सेम नाही, तिलाही साडेतीन व्होल्टच लागतात. याच कामासाठी मिळणारी चार मॉस्फेटवाली लहान लाल पट्टीही नको, एवढ्या वेगाला ती मंद पडते.

जोडणी: १४ नंबरचा पाय पाच व्होल्टला, ७ ग्राउंडला, १ ग्राउंडला, २ नंबरला बोर्डाच्या १६ नंबरच्या पायाची (जीपीआयओ १६) तार, ३ नंबरमधून बाहेर, तिथे १०० ते ३३० ओहमचा रेझिस्टर आणि मग माळेची डेटाची तार. न वापरलेले इनपुट ५, ९ आणि १२ ग्राउंडला टाका. बारा व्होल्टच्या तारेवर, माळेच्या तोंडाशी, १००० मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टचा कपॅसिटर, उणे बाजू ग्राउंडकडे. आणि सगळ्यांचं ग्राउंड एकच. माळ वेड्यासारखी चमकत असेल तर दहातल्या आठ वेळा ग्राउंड कुठेतरी सुटलेलं असतं. पुढेमागे दोन एसएमपीएस वापरले तर त्यांची ग्राउंड जोडा, लाल तारा मात्र एकमेकींना कधीच जोडू नका.

सॉफ्टवेअर चढवणं सोपं. बोर्ड यूएसबीने कॉम्प्युटरला लावा, क्रोम ब्राउझरमध्ये डब्ल्यूएलईडीचं इन्स्टॉलचं पान उघडा, बटण दाबा. बोर्ड दिसत नसेल तर आधी केबल बदला, घरातल्या अर्ध्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात. मी यावर एक अख्खा रविवार घालवला आहे. मग मोबाइलच्या वायफायमध्ये डब्ल्यूएलईडी-एपी नावाचं नेटवर्क दिसेल. त्याचा पासवर्ड इंग्रजी लहान अक्षरांत डब्ल्यूएलईडी आणि पुढे १२३४, आणि पान उघडतं ४.३.२.१ या पत्त्यावर. तिथे घरचं वायफाय भरा. बोर्डाला २.४ गिगाहर्ट्झचंच नेटवर्क कळतं, ५ चं दिसतच नाही. स्लॅबमधून गच्चीपर्यंत वायफायच्या दोनच काड्या येत असतील तर राउटर जिन्याकडे सरकवा.

एलईडीच्या सेटिंगमध्ये प्रकार डब्ल्यूएस२८१एक्स, संख्या १५०, पाय १६. आणि तिथेच ब्राइटनेस लिमिटर: ६००० मिलिअँपिअर भरा. मग कोणी उत्साहात सगळं पांढरंशुभ्र केलं तरी बोर्ड स्वतःच उजेड आवरतो. हा आकडा तो मोजत नाही, अंदाजाने काढतो, म्हणून फ्यूजची जागा तो घेऊ शकत नाही.

आधी फरशीवर

तिन्ही माळा हॉलच्या फरशीवर अंथरा आणि खऱ्या तारांसह, खऱ्या लांबीने, एक दिवस-रात्र चालवा. लाल, हिरवा, निळा, पांढरा, प्रत्येकी काही तास. लाल म्हटल्यावर हिरवा आला तर घाबरू नका, रंगांचा क्रम बदला. गोळ्या बहुधा लाल-हिरवा-निळा या क्रमाने असतात, २८१२बी पट्टी हिरवा-लाल-निळा. पांढऱ्यात असताना मल्टिमीटर घेऊन माळेच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी व्होल्ट मोजा आणि त्या कागदावर लिहा. मध्ये साडेनऊच्या खाली गेलं तर तिथेही एक जोडी सोडावी लागेल. जी गोळी मरायची ती बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच मरते. तिला शिडीवर चढून बदलण्यापेक्षा पंख्याखाली बसून बदललेली बरी.

माळेला दिशा असते. गोळीवर बाण असतो किंवा डीआय आणि डीओ लिहिलेलं असतं. निरोप डीआयमधून शिरतो, डीओमधून निघतो. मी एका दुपारी ५० गोळ्या उलट्या ठोकून मोकळा झालो होतो. त्या दिवसापासून प्रत्येक माळेच्या तोंडाला लाल टेप.

चढवणं

गोळी बारा एमएमच्या भोकात घट्ट बसते, त्यामुळे पट्टी कशाचीही करा. वायरिंगची पांढरी केसिंग-कॅपिंग पट्टी सर्वांत स्वस्त. दर दहा सेंटीमीटरला खूण करून स्टेप ड्रिलने भोकं पाडायची, गोळ्या मागून दाबायच्या, तारा पोकळीत लपतात, वरून झाकण. दिसायला नीटनेटकं. फक्त आपल्या उन्हात ती पिवळी पडते आणि ठिसूळ होते. छज्ज्याखाली चालेल, उघड्या कठड्यावर अॅल्युमिनियमचा चॅनेल. मांडवातल्या २८१५ पट्टीला तर अॅल्युमिनियमच हवं, तिची उष्णता तेच खेचून घेतं, आणि वर दुधी झाकण लावलं की ठिपके जाऊन सलग रेघ दिसते.

पट्टीच्या मागचा दोन बाजूंनी चिकटणारा टेप एका उन्हाळ्याचा पाहुणा समजा. दर अर्ध्या मीटरला क्लिप आणि स्क्रू. तारा कठड्याच्या वर उघड्या सोडू नका. संक्रांतीला शहरभर पतंग असतात, कठड्यावर मांजा अडकला की पोरं जोर लावून ओढतात, आणि मांजाबरोबर माळही येते. आमच्या भागात वानरंही फेरी मारतात, त्यांना लोंबणारी कुठलीही गोष्ट स्वतःसाठी टांगलेली वाटते.

आता जोड. घाई करू नका, कारण माझं पहिलं फिटिंग इथेच गेलं. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळली होती, आणि टेपवर सिलिकॉन फासलं होतं. पाऊस आत गेला तो गेलाच, पण खरा घात सिलिकॉनने केला. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना अॅसेटिक अॅसिड सोडतं आणि ते तांबं खातं. काचेच्या दुकानात सरसकट तेच मिळतं. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागून घ्या.

माझी आताची पद्धत: आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी आधी तारेत ओवायची. ती ओवायची राहते आणि सोल्डर झाल्यावर आठवते, हे सर्वांचं होतं. मग दोन्ही टोकं एकमेकांत गुंफून सोल्डर, बोटाने चाचपून टोचणारं टोक नाही याची खात्री, नळी जोडावर सरकवून गरम हवेने आकसवायची, दोन्ही कडांतून गोंदाचा बारीक थेंब बाहेर आला पाहिजे. तीन तारांचे तीन जोड एका रेषेत ठेवू नका, बोटभर मागेपुढे करा, म्हणजे फुगवटा येत नाही आणि एक नळी फाटली तरी शेजारणीला टेकत नाही. सर्वांवर एक मोठी नळी. माळ पुढेमागे काढायची असेल त्या ठिकाणी पिळाचे जलरोधक तीन-पिन कनेक्टर लावा. दरवर्षी काढायचीच नसेल तर कनेक्टरपेक्षा सोल्डर बरा.

आणि प्रत्येक डब्यात शिरणाऱ्या तारेला आधी खाली झोळ द्या. पाणी तारेवरून घरंगळत येतं, झोळाच्या तळाशी ठिबकतं, डब्यात जात नाही. दोन इंच तारेचा खर्च.

रंग आणि वेळा

रोजच्यासाठी लाल २५५, हिरवा १४०, निळा ४०, उजेड ४० टक्के. जुन्या बल्बसारखा पिवळसर रंग येतो. त्यात १२ व्होल्टच्या बाजूला माझा मीटर दोन अँपिअर दाखवतो, म्हणजे २५ वॉटच्या आतबाहेर. चार तास लावला तरी महिन्याला साडेतीन-चार युनिट. पांढऱ्या-निळ्या उजेडावर पावसाळ्यात पाखरं झुंबड करतात, पिवळ्यावर खूप कमी येतात. जुलैत जेवताना याची किंमत कळते.

असे रंग प्रीसेट म्हणून साठवा. आमच्याकडे रोजचा, दिवाळीचा, गणपतीचा, १५ ऑगस्टचा तिरंगा आणि १४ एप्रिलचा निळा आहेत. तिरंग्यासाठी कठड्याचे ५०-५० चे तीन सेगमेंट, म्हणजे वेगळे तुकडे, केले. एवढ्या लहान माळेला वेगाची अडचण नाही. एका पिक्सेलला निरोप द्यायला ३० मायक्रोसेकंद लागतात, १५० ना साडेचार मिलिसेकंद. माळ ८०० च्या पुढे गेली की हालचाल अडखळायला लागते, तेव्हा दुसऱ्या पायावरून दुसरी रांग काढायची.

वेळेच्या सेटिंगमध्ये भारतीय प्रमाणवेळ निवडा, अक्षांश २१.१५ आणि रेखांश ७९.०९ भरा, आणि सूर्यास्ताला रोजचा प्रीसेट लावा. घड्याळाची ठरावीक वेळ देऊ नका. नागपूरचा सूर्य डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या. रात्री दहाला बंद. सणांच्या प्रीसेटना तारखांची मर्यादा घालता येते. बोर्ड सुरू होताच कोणता प्रीसेट यावा, तेही ठरवून ठेवा, नाहीतर वादळात लाइट जाऊन पहाटे तीनला परत आली की अख्खं घर नारिंगी पेटतं.

‘बंद’ असतानाही प्रत्येक चिप मिलिअँपिअरभर पीत असते, आणि एसएमपीएसही. त्याचा राग येत असेल तर बोर्डाला रिलेचा एक पाय देता येतो, तो एसएमपीएसची वीजच तोडतो. अशा वेळी बोर्ड वेगळ्या लहान अॅडॅप्टरवर ठेवावा लागतो, नाहीतर तो स्वतःच्याच हाताने झोपी जातो. गाण्यावर नाचणारी रोषणाई हवी असेल तर आयएनएमपी४४१ हा छोटा माइक बोर्डाला लावा. गच्चीवरच्या वाढदिवसाला पोरं खूश होतात.

बिघाड शोधताना

एका गोळीच्या पुढची सगळी माळ अंधारात गेली, तर दोषी दोघांपैकी एक: शेवटची पेटलेली किंवा पहिली विझलेली. विझलेली सहसा आतून मेलेली असते, पण पेटलेलीचा डीओही तुटलेला असू शकतो. दोन्ही बदला, वेळ वाचतो. रंग बरोबर पण उजेड कमी असेल तर व्होल्ट मोजा आणि कागदावरच्या आकड्यांशी ताडा. पहिल्याच गोळीपासून लुकलुक असेल तर ७४एएचसीटी१२५ आणि ग्राउंड. फक्त पावसात बिघडत असेल तर जोड.

खरेदीच्या दिवशीच त्याच दुकानातून एक माळ जास्तीची घ्या. वर्षभराने तीच गोळी मागितली तर वेगळ्या क्रमाची मिळते आणि ती एकटीच लालऐवजी हिरवी उभी राहते. जास्तीची माळ मी एसएमपीएसच्याच डब्याशेजारी, त्या कागदासोबत, जाड पिशवीत ठेवली आहे. नवी गोळी घालताना दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच तार ठेवून कापा. एकदम गोळीच्या गळ्याशी कापली तर पुढच्या वेळी जोडायला काही उरत नाही.